जावईबापूंचे पंख

आमचे जावईबापू आयुष्यभर जमिनीवर राहिले ते केवळ नाइलाजाने. जन्म माणसाचा मिळाला, माणसाला पाय असतात, आणि पाय आहेत म्हटल्यावर ते कुठेतरी टेकवावे लागतात, एवढाच त्यांचा जमिनीशी संबंध. बाकी मन, मान आणि नजर कायम वर. त्यामुळे त्यांना ठेच फार लागे. लग्नाच्या दिवशी आमच्या उंबरठ्याला ते जे अडखळले, ते पुढे दर खेपेला अडखळत राहिले, आणि दर खेपेला खाली न बघता वर आढ्याकडे बघून ‘अरे’ म्हणत राहिले. माझ्या वडिलांनी शेवटी सुतार बोलावून उंबरठा निम्मा तासून घेतला. जावयाला अंगठी देणारे, सायकल देणारे सासरे पुष्कळ झाले असतील. उंबरठा कापून देणारे बहुधा आमच्याच घरी झाले.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. मूळचे चांद्याचे, परकोटाच्या म्हणजे गावाभोवतीच्या तटाच्या आतले. आता त्या गावाला चंद्रपूर म्हणतात, पण जावईबापू शेवटपर्यंत चांदाच म्हणत. बांबूच्या एका ठेकेदाराकडे ते दिवाणजी होते, आणि ठेकेदाराने डेपो टाकला तो वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या देवळांच्या वरच्या अंगाला, नेमका आमच्या गावात. त्यामुळे लग्नाला वर्ष होण्याआधीच ते बिऱ्हाड घेऊन सासुरवाडीला राहायला आले. घरजावई म्हणता येणार नाही, कारण घर वेगळं, चूल वेगळी. पण आमच्याकडे एका घरचा जावई हा साऱ्या गावाचा जावई असतो. न्हावी रांग मोडून त्यांची दाढी आधी करी, नदी उतरवणारा ढिवर त्यांना डोंग्यात सावलीच्या बाजूला बसवी, आणि ते नुसते रस्त्याने चालले तरी कुणीतरी बाज बाहेर काढून ‘बसा जी’ म्हणे. या सगळ्याच्या मुळाशी एकच कायदा होता: जावयाला नाही म्हणायचं नाही. तो कायदा पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालला होता, कारण जावई मागून मागून काय मागणार, चहा, विडी, फार तर कोंबडी. आमच्या जावईबापूंसारखा जावई कुणी धरूनच चाललं नव्हतं.

उडण्याचं वेड त्यांना लहानपणीच लागलेलं. चांद्याच्या परकोटावरून वडिलांची छत्री उघडून त्यांनी एकदा उडी घेतली होती. छत्री उलटी झाली आणि ते खाली रवंथ करत बसलेल्या एका म्हशीवर पडले. ही हकीकत ते स्वतःच सांगत, पण म्हशीचा भाग गाळून. छत्रीचे दोष मात्र सविस्तर सांगत, आणि शेवटी गंभीरपणे म्हणत, “छत्री पावसासाठी बनली हाये. तिले वारा समजत नाई.” म्हैस त्यानंतर दूध कमी देऊ लागली असं त्यांच्या थोरल्या भावाने मला सांगितलं होतं, पण जावईबापूंच्या मते तो मुद्दा विषयाला सोडून होता.

उडायचं तर अंग हलकं पाहिजे, म्हणून ते जेवत नसत. म्हणजे ताटावर बसत, पण भाताची एक मूद, त्यावर वरणाची धार दाखवल्यासारखी, आणि संपलं. तूप तर ते हाताने अडवत. अंगाने मुळातच काडी. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबे. माझ्या आईला याचं फार दुःख होतं. जावई दारू पितो, जावई पत्ते खेळतो, ही दुःखं चारचौघींत सांगता येतात. जावई जेवत नाही हे कसं सांगायचं. लोक जेवणालाच नावं ठेवणार. आईने पातोड्या केल्या, पुरणपोळ्या केल्या, वड्यांवर वडे तळले, आणि जावईबापू प्रत्येक पदार्थाकडे प्रेमाने बघून म्हणत, “लय मस्त हाये, पन जड हाये.” आई मग न्हाणीत जाऊन डोळे पुसून येई.

पंगतीत मात्र त्यांना फार मागणी असे, कारण ते जेवत नसल्यामुळे त्यांचं तोंड मोकळं राही आणि बाकीच्यांना जेवता जेवता ऐकायला मिळे. विषय एकच. माणूस उडण्यासाठी काय काय करत आला, याचा साग्रसंगीत इतिहास. त्यांच्याजवळ एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, कुण्या साहेबाच्या लिलावातून त्यांच्या हाती आलेलं. पहिली गोष्ट मेणाच्या पंखांची. एका बापाने पोराला पंख करून दिले, पोरगा सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं आणि पोरगा समुद्रात पडला. या गोष्टीतून जगाने अहंकार वाईट हा बोध घेतला. जावईबापूंनी घेतलेला बोध असा की मेण वापरायला नको होतं. त्या देशात डिंक नव्हता का, असं ते कळवळून विचारत. आपल्या जंगलात धावड्याचा डिंक आहे, लाख आहे, आणि इथे कुणी उडत नाही. तिकडे उडणारा आहे तर डिंक नाही. असा उलटा कारभार पाहून पंगत हळहळे आणि भात मागून घेई.

मग फुग्याची गोष्ट. परदेशात दोघा भावांनी धुराचा मोठा फुगा केला आणि राजासमोर त्यात एक मेंढी, एक कोंबडा आणि एक बदक बसवून वर सोडलं. इथे आमच्या गावाचा नेहमीचा प्रश्न असे, की खाली आल्यावर कोंबड्याचं काय केलं. जावईबापूंना कोंबड्यात रस नव्हता. त्यांचं मन बदकाने दुखावलेलं होतं. ज्याला उडता येतं त्यालाच फुग्यात बसवून नेलं, हा त्या जातीचा अपमान आहे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि ते मांडताना त्यांचा आवाज चढे. त्यानंतर एक जर्मन येई. हा जर्मन जावईबापूंचा खास माणूस. इंजिन नाही, धूर नाही. काठ्या आणि कापडाचे पंख लावून टेकडीवरून धावत सुटायचा आणि वाऱ्यावर तरंगत खाली यायचा. एकदा नाही, पुष्कळदा. जावईबापू उठून हात पसरून दाखवत, पंगतीतले लोक आपापली ताटं मागे ओढून घेत. अक्का वाढता वाढता थांबून विचारी, “मंग त्याचं काय झालं?” आणि जावईबापू खाली बसत म्हणत, “मंग काय. मंग दुसरा आला.”

दुसरा म्हणजे सायकलच्या दुकानवाले ते दोघे अमेरिकन भाऊ. ते उडाले याचं आमच्या गावाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दोघांनी लग्न केलं नाही, वाटणी मागितली नाही आणि बापाच्या शब्दाखातर दोघे एकाच वेळी कधी वर गेले नाहीत याचं. एक पडला तर दुसरा घरी राहावा, असा बापाचा हिशोब. म्हातारी माणसं माना डोलावत आणि आपल्या पोरांकडे बघत. शेवटी त्या भावांनी आपल्या बहिणीलाही वर नेलं. तिचा घागरा वाऱ्याने फुगू नये म्हणून पायांपाशी दोरीने बांधला होता. एवढ्यावर ते पुस्तक संपे. संपे म्हणजे पुढची पानं वाळवीने खाल्ली होती. त्यामुळे विमानविद्येचा इतिहास आमच्या गावात त्या बहिणीपाशी येऊन थांबलेला होता, आणि तिथून पुढे काय झालं हे जावईबापूंना माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायचंही नव्हतं. या ठिकाणी अक्का एकदाच बोलल्याचं मला आठवतं. ती म्हणाली होती की नऊवारी असती तर दोरी लागली नसती. जावईबापूंनी क्षणभर विचार केला आणि ‘बराबर हाये’ म्हणाले.

विमानांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. नागपूरकडे जाणारं एखादं विमान डोक्यावरून घरघरत गेलं की सारा गाव अंगणात येई, आणि जावईबापू आत जात. त्यांच्या मते ती वर गेलेली मोटार होती. बैलगाडीत बसलेला माणूस धावला असं आपण म्हणतो का, असा त्यांचा सवाल होता. ते गुरू मानत ते गिधाडांना. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती, तिथे सुट्टीच्या दिवशी ते तासन्‌तास बसत, नाकाला उपरणं लावून. गिधाड पंख न हलवता वर कसं जातं, वळताना कोणतं पीस दुमडतं, हे त्यांना बघायचं असे. परतले की आई त्यांना अंगणातच थांबवी आणि दोन घागरी पाणी ओतल्याखेरीज घरात घेत नसे. जावयाला आंघोळ घातली हा बाहेरून मान दिसे, म्हणून ते चालून गेलं.

असं सगळं सुखाचं चाललं असताना एका वर्षी वैशाखात अधिक महिना आला. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि जावई मागेल ते द्यायचं. वडिलांनी आधीच मनाशी सायकल धरली होती. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आलो होतो, म्हणून हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. जावईबापू पाटावर बसले. आईने ओवाळलं. वडिलांनी हात जोडून म्हटलं, “मांगा जी जवाईबापू, काय पायजे थे मांगा.” जावईबापू आढ्याकडे बघत म्हणाले, “कोसा पायजे. दोन पंखांले पुरन एवढा.”

कोसा म्हणजे आमच्या जंगलातलं रेशीम. लग्नामुंजीत, पूजेत नेसायचं. त्याचे पंख करतात हे कुणी ऐकलेलं नव्हतं. वडिलांनी आईकडे पाहिलं, आईने देवाकडे पाहिलं, आणि देव आमच्या घरात जावयाच्या बाजूचे होते. दुसऱ्याच दिवशी वडील नागभीडकडे कोष्ट्याकडे गेले आणि कोशाचा तागा घेऊन आले. बांबू तर डेपोत पडलेलाच होता, आणि त्याचे पैसे जावईबापूंनी ठेकेदाराकडे रीतसर भरले. सांगाडा विणायला गावचा बुरूड आला. त्याने जावईबापूंचं सगळं बोलणं लक्ष देऊन ऐकलं, चित्रं पाहिली, हो हो म्हटलं, आणि त्याच्या हाताला जी सवय होती त्याप्रमाणे दोन अवाढव्य सुपं विणली. जावईबापूंना ती फार आवडली. सूप वारा ओळखतं, असं ते म्हणाले. सुपांवर कोसा चढला, कडेने डिंक लागला, छातीवर आणि पोटावर आवळायला चामड्याचे पट्टे आले. पट्ट्यांचं माप चांभाराने जावईबापूंच्या अंगावर अगदी घट्ट घेतलं. कोसा सोवळ्याचा, म्हणून त्या पंखांना पारोशाने हात लावायचा नाही असा आईने दंडक घातला, आणि बुरूड बिचारा रोज नदीवर आंघोळ करून कामाला येऊ लागला.

जागा त्यांनी आधीपासूनच हेरून ठेवली होती. गावाच्या उत्तरेला नदीची दरड आहे, मोहाच्या चांगल्या वाढलेल्या झाडाएवढी उंच. खाली उन्हाळ्यात नुसती वाळू आणि त्या वाळूत ढिवरांची डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांचे वाफे. दुपार कलली की नदीकडून वर वारा चढतो. जावईबापूंना लगेच उडायचं होतं. पण अधिक महिन्यात नवीन काम सुरू करत नाहीत, हे गावच्या जोश्याने सांगितलं, आणि अधिक संपला की दोन-तीन दिवसांनी येणारी अक्षय्य तृतीया काढून दिली. जावईबापूंनी ती आनंदाने मान्य केली. वाऱ्याचा विचार केला, पंखांचा केला, उन्हाचा केला. मधल्या महिन्याचा विचार करायचं त्यांना सुचलं नाही. सासुरवाडीला राहणाऱ्या माणसाच्या हातून झालेली ही एवढी एकच चूक.

एका सकाळी अक्का ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. जर्मनाचं पान तिने काढून ठेवलं होतं. त्याचं चित्र तिला ओळखता येत होतं. तिने विचारलं, इथे शेवटी काय लिहिलंय ते मले वाचून सांग. मी वाचलं. त्यात असं होतं की एके दिवशी वारा फिरला, तो वरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मी ते मराठीत सांगितलं. अक्का ‘बरं’ म्हणाली, पुस्तक मिटलं आणि तांदूळ निवडायला बसली. तिचे हात नेहमीसारखेच चालले होते. या माणसाची आम्ही आजवर गंमत करत आलो होतो, आणि तो खरोखरच त्या दरडीवरून उडी घेणार होता, आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार पंचक्रोशीत एकालाही नव्हता.

आई आत चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्याच दुपारी आमच्या मागच्या अंगणात बायका जमल्या. वडिलांनी जाऊन जावयाला समजवावं असं एकीने सुचवलं, तर वडील खाली मान घालून म्हणाले की जवाई हाये, नाई कसं म्हनाव. बुरुडाने पंख मोडके करून द्यावेत असं दुसरीने सुचवलं. ते तर आणखीच धोक्याचं होतं. शेवटी आई म्हणाली, “नाई म्हनता येत नाई ना? मंग घ्या म्हना. अजून घ्या म्हना.”

दुसऱ्या दिवसापासून जावईबापूंना धोंड्याच्या जेवणाची आमंत्रणं सुरू झाली. सासरचं धोंड्याचं जेवण जावयाला नाकारता येत नाही, आणि ते साऱ्या गावाचे जावई होते. सकाळी एक घर, संध्याकाळी एक घर. पाटलाकडे पुरणपोळी, जोश्याकडे गुळाचे अनारसे, ढिवरांकडे मासळी आणि भात, आणि सगळीकडे वाटीतून नव्हे तर तांब्यातून तूप. जावईबापू पहिल्या घरी हात आडवा करू लागले, तेव्हा घरची म्हातारी ताटाजवळ बसून राहिली आणि म्हणाली की मी मेल्यावर कोन वाढन तुमाले. हात बाजूला झाला. तो पुन्हा आडवा आला नाही. नदीपलीकडच्या गोंडांच्या वस्तीतून डेपोवर बांबू आणणाऱ्या माणसांनाही ही बातमी लागली, आणि त्यांनी आपला जावई नसलेल्या माणसाला जावई समजून मोहाच्या फुलांचे लाडू पाठवले. महिन्याच्या मध्याला जावईबापूंच्या गालांवर गोलाई आली. मग सदरा भरला. मग धोतराच्या निऱ्या कमी पडू लागल्या. आई आयुष्यात पहिल्यांदा सुखाने झोपली. जावईबापू स्वतः मात्र खुशीत होते. पंखांवर डिंकाचा हात फिरवत ते म्हणत की लोकांचा उत्साह पाहून भरून येतं.

अक्का या कटात नव्हती. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने कुणाला काही म्हटलं नाही. उलट त्या महिन्यात ती वाळत गेली. गावाने त्याचा अर्थ लावला तो सरळ होता: नवऱ्याची काळजी.

अक्षय्य तृतीयेला दुपार कलताना सारा गाव दरडीवर आला. ढिवरांनी डांगरवाडीत, जिथे जावईबापू पडतील असं त्यांना वाटत होतं तिथे, गवताचे भारे टाकून ठेवले होते आणि चांगली टरबुजं बाजूला काढली होती. पंख आंघोळ केलेल्या चौघांनी उचलून आणले. आईने त्यांना हळदकुंकू वाहिलं. जावईबापू पंखांत शिरले, हात अडकवले आणि बुरूड पट्टे आवळायला मागे गेला. पट्टा पोटावरून आला आणि वीतभर अलीकडे थांबला. त्याने श्वास आत घ्यायला सांगितलं. जावईबापूंनी घेतला. पट्टा जिथे होता तिथेच. बुरुडाने खाली बघत सांगितलं, “जवाईबापू, हे माप जुन्या अंगाचं हाये.”

जावईबापूंनी पहिल्यांदा खाली पाहिलं. स्वतःच्या पोटाकडे. मग त्यांनी आजूबाजूला उभ्या असलेल्या बायकांकडे एक एक करून पाहिलं, आणि प्रत्येक बाई दुसरीकडे बघू लागली. मला वाटतं त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. पण ते रागावले नाहीत. ते म्हणाले, दोर आणा, दोराने बांधू. पंख दोन सुपांचे, त्यात एवढं वजन. तरी ते दोर मागत होते. दोर होता, आणि जावई मागत होता, आणि आणणारा माणूस गावाकडे वळलाही होता.

तेवढ्यात अक्का पुढे आली. पदर खोचलेला होता. ती त्यांना म्हणाली, “माहं अंग तेवढंच हाये, जेवढं तुमचं होतं. पट्टा मले बसते. मी उडते.”

जावईबापू तिच्याकडे बघत राहिले. मग ते पंखांतून बाहेर आले, दरडीच्या कडेपर्यंत गेले आणि खाली वाकून त्यांनी वाळूकडे पाहिलं. महिनोन्‌महिने ते त्या जागी येत होते, पण त्यांनी तिथून वर पाहिलं होतं, समोर पाहिलं होतं. खाली कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ ते तसेच वाकून होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“नाई,” ते म्हणाले.

“काऊन?” अक्काने विचारलं.

“खोल हाये.”

एवढं बोलून ते तिथेच मातीत बसले आणि पंखांचे पट्टे सोडवू लागले. चामड्याच्या गाठी त्यांना सुटेनात, म्हणून शेवटी बुरूड मदतीला बसला. बायका घाईघाईने घरी गेल्या, कारण सणाचा स्वयंपाक उरकायचा होता. त्या रात्री जावईबापू आमच्याकडे जेवले आणि तुपाला त्यांनी हात आडवा केला. आईने आग्रह केला नाही.

अक्काच्या हुशारीची गोष्ट मग गावात वर्षानुवर्षं सांगितली गेली. साऱ्या गावाला महिनाभर तळून, लाटून, वाढून जे जमलं नाही, ते तिने एका वाक्यात केलं. नवऱ्याला त्याच्याच तोंडून नाही म्हणायला लावलं. सासुरवाशिणींना ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगत. मीही पुढे नोकरीच्या गावी, मित्रांच्या बैठकीत, ती रंगवून सांगत आलो. जावईबापूंनी उडण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. कोशाचा रंग उतरला, सुपं डेपोच्या छपरात पडून राहिली. अंग मात्र त्यांचं उतरलं नाही. चांगले भरदार गृहस्थ म्हणून ते म्हातारे झाले. एक नवी सवय तेवढी लागली होती. संध्याकाळी काम आटोपलं की ते आणि अक्का दरडीकडे फिरायला जात. गावात नवराबायकोने असं फिरायला जायची रीत नव्हती, पण जावई म्हटल्यावर कोण काय बोलणार.

ते गेले ते साध्या तापाने, घरात, बाजेवर. मी दिवसांना गेलो होतो. पाहुणे पांगल्यावर अक्काजवळ बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की त्या दिवशी तू डोकं चालवलंस, म्हणून एवढी वर्षं तरी मिळाली.

अक्का हसली नाही. “सारे हेच म्हनते,” ती म्हणाली. “मले कोनी इचारलं नाई. मी डोकं नव्हतं चालवलं, भाऊ. मले उडाचं होतं.”

ती साठीच्या पुढची, केस पांढरे झालेली, माझी थोरली बहीण. इतकी वर्षं पंगतीत वाढताना तिने तो सगळा इतिहास ऐकला होता, आणि आम्ही तिच्या हातातल्या वरणाकडे बघत होतो. मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, त्यांना माहीत होतं?

“त्याइलेच माहीत होतं. म्हून त नाई म्हनले. लटकं वाटलं असतं त हसले असते. मंग रोज संध्याकाळी नेत मले दरडीवर. वारा चढला का कडेले उभी करत. हात पसर म्हनत, लागन तेवढा वारा घे म्हनत. पन एक हात धरून ठेवत. एकडाव म्हनलं मी, सोडा जी आता.”

“मग?”

“नाई सोडला,” अक्का म्हणाली.